असू शकतं

शेवंतीचा हार ओवता ओवता गंगूचा उजवा हात एकाएकी खांद्यापासून उडाला आणि मांडीवरच्या सुपातली फुलं भिंतीपर्यंत उधळली. शेषराव समोर बसून वांग्यांची पाटी निवडत होता. त्याला आधी वाटलं, अंगावर पाल पडली असेल. जठारपेठेतल्या त्या भाड्याच्या खोल्यांच्या कौलांतून पाली पडायच्याच. पण गंगूनं वर पाहिलं नाही, अंग झटकलं नाही, ओरडलीही नाही. ती नुसती आपल्या हाताकडे पाहत होती. शेजारचं पोर घरात येऊन काही सांडून जावं आणि त्याला रागवावं की हसावं हे आपल्याला ठरवता येऊ नये, तशी. सुई तिच्या अंगठ्यात शिरली होती, दोरा खाली लोंबत होता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"काय झालं वं?" त्यानं विचारलं.

"हात उडाला. दुसरं काय!" ती मोठ्यानं म्हणाली. अलीकडे ती फार मोठ्यानं बोलायची, मोटेवरच्या माणसाला बांधावरून हाक मारल्यासारखी.

"सुई तं काढ."

"कोठी हाय सुई?"

त्यानंच ती ओढून काढली. रक्ताचा एक थेंब आला, गंगूनं अंगठा तोंडात घातला आणि परत फुलं वेचायला लागली. शेषराव पुन्हा वांग्यांकडे वळला. कीड लागलेलं वांगं देठाजवळ दाबलं की कळतं, वरून कितीही चकचकीत असो. तो एकेक दाबून पाहत होता आणि त्याच्या मनात कुठंतरी ते उडालेलं मनगट राहून गेलं होतं. एवढी वर्षं या बाईनं हार ओवले, पण सुई तिला कधी टोचली नव्हती. बोलता बोलता, भांडता भांडता, एकदा तर चक्क डुलकी घेता घेता ती ओवायची. थंडीनं झालं असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. माणसाला कारण लागतं, आणि जे हाताशी असेल ते तो उचलतो.

गंगूच्या काळजाची चाल पहिल्यापासून वाकडी. तेल्हाऱ्याला माहेरी असताना, न्हाण येण्याच्याही आधी, तिला सांध्यांचा ताप आला होता. गुडघे, मनगटं सुजली. कापूस वेचायचा सगळा हंगाम ती बाजेवर पडून होती. ताप गेला, पण जाताना छातीत काहीतरी ठेवून गेला. शेषरावला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. लग्नात अंतरपाट खाली आला, त्यानं तिच्या गळ्यात माळ घातली, तेव्हा त्याला दिसली ती तिच्या मानेवरची थडथडणारी शीर. त्याला वाटलं, पोरगी आपल्याला भ्याली. त्या वयात त्याला त्याचं बरंच वाटलं होतं. मित्रांनाही त्यानं ऐटीत सांगितलं होतं. ते भय नव्हतं, दुखणं होतं, हे कळायला वच्छला जन्मावी लागली. बाळंतपणात सुईण बाहेर येऊन म्हणाली होती, "शेषराव, तुह्या बायकोच्या छातीत पाखरू अडकलं हाय रे बावा." त्यानंतर गंगूला दुसरं मूल झालं नाही, आणि त्यानंही कधी तो विषय काढला नाही.

मोर्णेकाठचा मळा त्यानं बटाईनं दिला तोही या पाखरापायीच. विहिरीची चढण तिला होईना. डोक्यावर पाटी घेऊन निघाली की वाटेतच ती खाली बसायची, ओठ जांभळट पडायचे, आणि हातानं खूण करून म्हणायची, तुम्ही व्हा पुढं. म्हणून ते शहरात, अकोल्याला आले. तो बाजारात भाजी घेऊन बसू लागला आणि ती घरी हार ओवू लागली. वैद्याचे काढे झाले, राजेश्वराला अभिषेक झाला, आणि शेवटी कुणीतरी अमरावतीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. बडनेऱ्याला गाडी बदलून ते गेले. डॉक्टर तरुण होता, चष्मा लावणारा, पुण्याकडं शिकलेला. त्यानं गंगूच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग काय मनात आलं कुणास ठाऊक, नळीची टोकं शेषरावच्या कानांत घातली. "ऐका," म्हणाला. शेषरावनं ऐकलं. बैल सारख्या पावलानं चालतात तेव्हा मोटेचं चाक कसं कुरकुरतं ते त्याला लहानपणापासून पाठ होतं. ओढ, मग ढील, मग ओढ. इथं बैल उधळले होते. ओढ होती, ढीलच नव्हती. मध्येच सगळं थांबायचं आणि पुन्हा धावत सुटायचं. आपण एवढी वर्षं या आवाजाशेजारी झोपलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं नळी घाईनं काढून दिली.

डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. हिवतापावरच्या कोयनेलच्याच जातीच्या, पण तापासाठी नव्हे, काळजाची चाल सुधारायला. "सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकेक," त्यानं सांगितलं. "कानात आवाज यायला लागला, डोळ्यांपुढं धूसर झालं, तर गोळी थांबवायची आणि माझ्याकडे यायचं. मनानं वाढवायची मुळीच नाही. ऐकलं ना बाई?" गंगूनं पदर ओढून मान हलवली. देवळात पुजारी तीर्थ देताना आपण मान हलवतो, तशी.

आणि गोळ्यांनी खरोखर जादू केली. आठवडा उलटला नाही तोच तिचे ओठ तांबूस दिसायला लागले. मोर्णेच्या पुलावरून ती त्याच्या बरोबरीनं चालली, राजेश्वराच्या पायऱ्या न थांबता चढली, आणि वर पोचल्यावर मागं वळून त्यालाच म्हणाली, "चला ना, थकले काय!" शेषरावला त्या दिवशी असं वाटलं की ही बाई आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत. दुखण्याच्या आत इतकी वर्षं एक चालणारी, थट्टा करणारी बाई बसून होती. तिला आपण कधी भेटलोच नव्हतो. परतताना ती पुढं आणि तो मागं, असे ते घरी आले. रस्त्यानं सरकीच्या आणि कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, हवेत कापसाचे तंतू उडत होते, तिच्या केसांत अडकत होते. त्याच सुमारास वच्छलाच्या सासरहून, अचलपूरहून निरोप आला, तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. संक्रांत झाली की घेऊन यायचं.

गंगूनं मधली खोली रिकामी केली. भिंतीला पोतेरं दिलं. डिंक, खारीक, हळीव आणून ठेवलं. "बाळंतिणीचं काही सोपं नसते," ती म्हणायची. "मीच निजून राह्यलो तं पोट्टीचं कोण करीन?" तेव्हा ती मोठ्यानं बोलायला लागली होती. जेवताना ताटाकडे डोळे बारीक करून पाहायची. एकदा तिनं विचारलं होतं, "तुमी काही बोलले का?" आणि तो काहीच बोललेला नव्हता. हे सगळं त्याला नंतर आठवलं. नंतर आठवतं ते सगळं कसं स्वच्छ दिसतं. उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यावरचा एकेक डाग दिसावा, तसं.

हात उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते घडलं. तो बाजारातून जेवायला आला होता. गंगू अंगणात खारका वाळत घालत होती. तिच्या तोंडून एक आवाज आला, शेषरावनं तसा आवाज माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो धावला तोवर ती उताणी पडली होती, अंग लाकडासारखं ताठ, डोळ्यांचे पांढरे भाग वर, दात एकमेकांवर इतके घट्ट की आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मग ते ताठ अंग हादरू लागलं. त्यानं तिला धरलं. त्याच्या दंडात बळ कमी नव्हतं. नांगराचा उधळलेला बैल त्यानं एकट्यानं आवरला होता. पण इथं तो जेवढं धरी तेवढं ते हादरणं त्याच्याच अंगात शिरे. तिच्या तोंडाला फेस आला, त्यात रक्त होतं. लुगडं ओलं झालं. ज्या बाईनं लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याच्यासमोर कधी डोकं उघडं ठेवलं नव्हतं, ती भर अंगणात अशी पडली होती, आणि तो तिच्यावर पदरसुद्धा ओढू शकत नव्हता, कारण हात सोडला तर तिचं डोकं फरशीवर आपटत होतं.

शेजारची माणिकबाई धावत आली. एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात नवऱ्याचा जोडा. तिनं दोन्ही गंगूच्या नाकाशी धरले. "मिरगी हाय वं माय!" ती ओरडली. कुंपणापलीकडे जमलेल्या बायांनी तो फेफऱ्याचा शब्द उचलला, तो एकीकडून दुसरीकडे गेला. शेषरावला वाटलं, हा शब्द पकडून परत तिच्या तोंडात घालावा. कांद्याच्या वासानं त्याच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो रडतोय असं सगळ्यांना दिसत होतं. कधीतरी ते हादरणं थांबलं. गंगू घोरू लागली. डोळे उघडले तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोण?"

अकोल्याच्या दवाखान्यात त्यांनी सांगितलं, ज्यानं औषध दिलं त्याच्याकडेच न्या. गाडीत मूर्तिजापूरच्या पुढं तिला पुन्हा झटका आला. तिसऱ्या वर्गाच्या त्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बघता बघता त्यांच्याभोवती एक आख्खं बाकडं रिकामं झालं. एका म्हातारीनं दुरूनच हात जोडले. गंगूला की तिच्या अंगात आलंय असं समजून देवीला, ते त्याला कळलं नाही.

डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, "गोळ्या किती घेत होत्या?"

"तुमी सांगतल्या तेवढ्याच," शेषराव म्हणाला. तो खरंच तसं समजत होता.

"नाई," खाटेवरून गंगू म्हणाली. चावल्यामुळे जीभ सुजली होती, शब्द जाडे येत होते. "काळीज उडालं का आजून एक घेत होतो. मंग दोन. कानात घुंगरं वाजत होते, डोळ्याले धुपट दिसे. पन काळीज गप ऱ्हाये ना." ती थांबली. मग डॉक्टरकडे नाही, शेषरावकडे पाहून म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी बंद केल्या असत्या."

शेषरावला राग आला नाही. राग यावा म्हणून त्यानं वाट पाहिली. घुंगरं वाजत असताना ही बाई हार ओवत होती, भाकरी थापत होती, वच्छलाच्या बाळाची दुपटी शिवत होती. कानातला तो आवाज तिनं एकटीनं ऐकला, कारण त्या आवाजाच्या पलीकडे तिला राजेश्वराच्या पायऱ्या चढता येत होत्या.  तो डॉक्टरला एवढंच म्हणाला, "मंजे मिरगी नोहे ना? औषधानं झालं ना?"

डॉक्टरनं चष्मा काढला. "असू शकतं," तो म्हणाला. "हे औषध अंगात जास्त झालं तर असे झटके येतात, असं पुस्तकात आहे. मी स्वतः आजवर पाहिलेलं नाही. पण अशा काळजात रक्ताची गुठळी होते, ती डोक्याकडे गेली तरी असंच होतं. आणि मुळात मिरगी असेल तर—"

"तुमाले काय वाटते?"

"मला औषधाचंच वाटतं. पण खात्रीनं सांगा म्हणाल तर नाही सांगता येणार."

त्याच्या त्या खरेपणाचा शेषरावला मनस्वी संताप आला. खोटं बोलणारा वैद्य परवडला. तो निदान एक नाव देतो, ते घेऊन माणूस घरी जातो. हा चांगला माणूस होता. त्यानं गंगूला आपल्या दवाखान्यात ठेवून घेतलं, दिवसातून दोनदोनदा येऊन पाहिलं. गोळ्या बंद केल्यावर झटके थांबले, कानातली घुंगरं थांबली, आणि काळीज पुन्हा उधळलं. जणू कुणीतरी दाराबाहेर वाटच पाहत होतं. शेवटी डॉक्टर म्हणाला, "मुळीच न देणं धोक्याचं, जास्त देणंही धोक्याचं. रोज सकाळी एकच. बाटली तुमच्याजवळ ठेवा, त्यांच्या हाती देऊ नका. आणि कितीही त्रास झाला तरी दुसरी द्यायची नाही." शेषरावनं बाटली कोपरीच्या आतल्या खिशात घातली. ती छातीला टोचायची. पण दुसरीकडे कुठं ठेवावी, तर गंगूला घरातलं कणन् कण माहीत.

ते घरी परतले त्याच्या आधीच तो मिरगीचा शब्द अचलपूरला पोचला होता. मिरची घेऊन फिरणारा नत्थुजी दोन्ही गावं करायचा, त्यानंच वच्छलाच्या सासऱ्याचा परतीचा निरोप आणला. दारात उभं राहून, आत न येता, तो म्हणाला, "इवाई म्हणते, पोट्टी नाई धाडत. बाळंतपन अठीच करतो म्हणते." आतून गंगूनं विचारलं, "कोण हाय हो?" शेषराव म्हणाला, "कोणी नाई." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला गोळी दिली, पुढच्या दिवसाची एक माणिकबाईजवळ देऊन तिला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि वच्छलाला आणायला जातो म्हणून तो निघाला. गंगूनं त्याच्याबरोबर तिळाचे लाडू दिले. ते वळताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागलं होतं.

मूर्तिजापूरला तो छोट्या गाडीत बसला. ती गाडी इतकी हळू जायची की माणूस उतरून लघवी करून पुन्हा चढे. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटीची, कापूस वेचून काळी पडलेली झाडं. शेषराव मनात वाक्यं लावत होता. मिरगी नोहे, औषधानं झालं. मग ते विचारतील, औषधानं कसं, डॉक्टरनं विष दिलं काय? नाही, तिनं जास्त घेतल्या. जास्त काहून घेतल्या, जीव द्यायचा होता काय? आणि मग हा दुसरा शब्द मिरगीपेक्षाही वाईट. ज्या घरातल्या बाईनं जीव द्यायला पाहिलं, त्या घरात सून कोण धाडील? खरं होतं ते कोणत्याच शब्दात बसत नव्हतं. तिला पोरीच्या बाळंतपणात जागायचं होतं म्हणून तिनं काळीज गप्प केलं, आणि काळीज गप्प करता करता डोकं पेटलं. हे त्यानं दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. ते वेड्याच्या बडबडीसारखं वाटत होतं. समोर एक बाई पोराला पाजत बसली होती. पोर दूध सोडून त्याच्याकडे बघत राहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत.

व्याही खुशालराव संत्र्याच्या बागेतच भेटला. फळांचा तोडा चालू होता. झाडाखाली बाया पेंढा घालून टोपल्या भरत होत्या. त्यानं शेषरावला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, पहिल्यांदा पावसाचं, मग भावाचं बोलला. माणूस वाईट नव्हता. लग्नात त्यानं एका पैशासाठी अडवलं नव्हतं. म्हणूनच शेषरावची जीभ जड होत होती.

"इवाईबुवा, मिरगी नोहे ते," शेवटी तो म्हणाला. "दवाईनं झालं. काळजाची दवाई होती, ते जास्त झाली अंगात."

"डाक्टर म्हणला असं?"

"हो."

"काय म्हणला? त्याच्या तोंडचं सांगा."

शेषरावसमोर एक संत्रं पडलं होतं, एका बाजूनं पिवळं, एका बाजूनं हिरवं. त्याच्याकडे पाहत तो म्हणाला, "म्हणला, असू शकते."

खुशालरावनं ते संत्रं उचलून टोपलीत टाकलं. मग हळूच, जणू त्यालाच ते बोलावं लागतंय याचं वाईट वाटतंय, म्हणाला, "असू शकते, मंजे नसूबी शकते."

आपण खोटं का बोललो नाही? 'खात्रीनं' हा एक शब्द होता. घरून निघताना, गाडीत, या बाजेवर बसेपर्यंत तो त्याच्याजवळ होता. आता त्यानं तो काढला असता तरी उशीर झाला होता. घराच्या दारातून विहीण गोदाबाई म्हणाली, "आमचं काही वाकडं नाई तुमच्यासंग. पन जिवंत जीव हाय पोटात. त्यानं आजीले तसं पडतानी पाह्यलं, तिची सावली त्याच्यावर पडली, तं कोनाले बोल लावाव? आन् रक्तात असन तं?" शेषराव उठला. लाडवाचं गाठोडं त्यानं बाजेवर ठेवलं. गोदाबाईनं ते घेतलं नाही आणि परतही दिलं नाही.

वच्छला फाटकापर्यंत आली. पोट पुढं आलं होतं, चेहरा भरला होता, चालताना ती एक हात कमरेवर ठेवत होती. वच्छला पोटात असताना गंगू तशीच चालायची. आई कशी आहे, जेवते का, बोलते का, असं तिनं विचारलं. मग सासूची चाहूल घेऊन अगदी जवळ येऊन तिनं विचारलं, "बाबा, आईले मिरगी हाय का?"

"नाई वं."

"मंग मले नाई होनार ना? याले?" तिचा हात पोटावर गेला होता.

"नाई," शेषराव म्हणाला. "तुले काई होत नाई, पोरी." आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, जरा मोठा, जरा जास्तच मोठा. वच्छलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी ताप आला असताना कडू औषधाला तो गोड म्हणायचा, तेव्हा ती त्याच्याकडे अशीच बघायची. मग ती वाकली, त्याच्या पाया पडली, आणि उठायला तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला. "आईले सांगजा, मी येतो म्हणून," ती म्हणाली, "झाल्यावर." ती आत गेली. झाडाखालच्या बाया टोपल्या शिवत होत्या, सुतळी ओढण्याचा आवाज त्याला रस्त्यापर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तो जठारपेठेत टांग्यातून उतरला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. गंगू दारात उभी होती, हात चौकटीला टेकवून. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या मागं रस्त्याकडे पाहिलं, टांग्याकडे पाहिलं. टांगेवाला वळून निघून गेला तरी ती पाहत राहिली.

"वच्छी?"

"तठी चांगली दायी हाय," शेषराव म्हणाला. "आन् गाडीचे धक्के आता झेपत नाईत तिले. मीच म्हटलं, ऱ्हाऊ द्या."

"तुमीच म्हटलं," गंगू म्हणाली. ती आत वळली आणि पोतेरं दिलेल्या मधल्या खोलीत, बाळंतिणीसाठी घातलेल्या बाजेवर, नव्या गोधडीवर जाऊन पडली. इतके दिवस त्या बाजेवर तिनं कुणाला टेकूही दिलं नव्हतं. शेषराव मागं गेला तेव्हा तिची चोळी छातीवर हलत होती, दुरूनसुद्धा दिसत होतं. ओठ जांभळे. एक हात तिनं पुढं केला.

"एक द्या."

"सकाळी माणिकबाईनं देल्ली ना वं."

"आजून एक. काय होते एकानं?"

एकानं काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं. या जगात कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि तरी नाही म्हणायचं काम त्याच्याकडे आलं होतं. बाटली कोपरीतून त्याला टोचत होती. "देत नाई," तो म्हणाला. तिनं पुन्हा मागितली. हात जोडून मागितली. मग शिव्या दिल्या, जन्मात न दिलेल्या, तेल्हाऱ्याच्या बाजारातल्या. तुमाले मी मेलेलीच पायजे, म्हणाली. मग शिव्या द्यायलाही दम पुरेना. ती नुसती तोंड उघडून श्वास ओढत राहिली आणि तिचे डोळे त्याच्यावर होते, रागानं नाही. काहीतरी करा, एवढंच त्यांत होतं. तो खोलीत एकदा दारापर्यंत गेला, एकदा खिडकीपर्यंत. पाणी दिलं, तिनं ढकललं. पंखा घेतला, वारा घातला, ठेवून दिला. शेवटी तो बाजेच्या पायथ्याशी बसला, तिचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि दाबायला लागला. ते गार होते, टाचांना भेगा होत्या.

तिनं पाय ओढून घ्यायला पाहिलं. "काय करता! कोनी पाह्यन."

"पाहू दे."

दार उघडंच होतं. माणिकबाई तुळशीकडे दिवा घेऊन निघाली होती, ती दारासमोर थबकली. शेषरावनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पाय दाबत राहिला. पुन्हा काही गंगूनं पाय ओढले नाहीत.